उघड्या टपाच्या छोट्या गाड्या: नागपुरात डायकास्ट कन्व्हर्टिबलचा संग्रह कसा करावा

कन्व्हर्टिबलचं मॉडेल हातात घेतलं की नजर आधी आत जाते. बंद टपाच्या मॉडेलमध्ये गडद काचेआड सीट कशा आहेत, स्टिअरिंग नीट बसलंय की वाकडं आहे, हे सहसा कुणी पाहत नाही. उघड्या गाडीला लपायला जागाच नसते. सीटवरच्या शिवणी, डॅशबोर्डवरची घड्याळं, दाराची आतली बाजू, मागे घडी घालून ठेवलेलं हूड (म्हणजे उघडमीट होणारा टप), सगळं समोर मांडलेलं असतं. बनवणाऱ्याने हात कुठे आखडता घेतला तेही लगेच कळतं. म्हणून डायकास्टच्या, म्हणजे साच्यात धातू ओतून बनवलेल्या छोट्या गाड्यांच्या, एवढ्या मोठ्या पसाऱ्यात मला या गाड्या सगळ्यांत प्रामाणिक वाटतात.

पण याच उघडेपणामुळे त्यांची निगाही जास्त ठेवावी लागते. धूळ थेट आत बसते, ऊन थेट सीटवर पडतं. त्यात आपलं गाव नागपूर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे, घरात दिवसभर कुलर, आणि मृगाचा पाऊस लागला की भिंतींना ओल. इंग्लंड-अमेरिकेतल्या संग्राहकांचे सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत.

आधी हद्द ठरवा

दिसली की घेतली, असं केलं तर वर्षभरात कपाट भरतं आणि त्याला संग्रह म्हणता येत नाही. एक धागा पकडा. तो एखाद्या देशाचा असू शकतो, एखाद्या दशकाचा, किंवा एकच गाडी वेगवेगळ्या कंपन्यांनी कशी बनवली याचा. हा शेवटचा प्रकार मला फार आवडतो. जग्वार ई-टाइप घ्या. १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हात ती पहिल्यांदा दाखवली गेली आणि तेव्हापासून लहान-मोठ्या कितीतरी कंपन्यांनी तिची मॉडेलं काढली. त्यातली चार शेजारी ठेवली की त्या लांब नाकाचा उतार कुणाला जमला आणि कुणाला नाही, हे एका नजरेत कळतं. डोळा तयार करायला याहून चांगला अभ्यास नाही.

सुरुवात करणाऱ्याने खालच्या गाड्या ओळखायला शिकाव्यात.

अमेरिकेच्या बाजूने १९५३ ची शेवरोले कॉर्व्हेट. पहिल्या वर्षी फक्त ३०० गाड्या बनल्या, सगळ्या पांढऱ्या आणि आतून लाल. त्यामुळे '१९५३' लिहिलेलं निळं मॉडेल दिसलं तर तो रंग बनवणाऱ्याने आपल्या मनाने दिलाय हे ओळखायचं. १९५९ ची कॅडिलॅक एल्डोराडो बिआरिट्झ म्हणजे मागच्या उंच पंखांची, प्रत्येक पंखावर गोळीसारखे दोन दिवे असलेली गाडी. या छंदातली ती महाराणीच. १९६१ ची लिंकन कॉन्टिनेंटल चार दारांची, तिची मागची दारं उलटी उघडतात. मॉडेलमध्ये ती दारं खरंच तशी उघडतात का, हे पाहायलाच हवं. आणि फोर्ड मस्टँग, जी १७ एप्रिल १९६४ ला बाजारात आली.

युरोपात एमजीबी, १९६२ पासून १९८० पर्यंत बनत राहिलेली. मर्सिडीज ३०० एसएल रोडस्टर, १९५७ ते १९६३, एकूण १,८५८ गाड्या. हिची गल्लत वर पंखासारखी दारं उघडणाऱ्या १९५४ च्या कूपेशी, म्हणजे बंद टपाच्या गाडीशी, नेहमी होते. रोडस्टरची दारं साधी असतात. फोक्सवॅगन बीटल कॅब्रिओले कारमान कंपनीने १९४९ ते १९८० या काळात बांधली. तिचं घडी केलेलं हूड मागे केवढा ढीग होऊन बसतं, ते मॉडेलमध्येही तसंच दिसलं पाहिजे. १९६६ ची आल्फा रोमिओ स्पायडर आणि तिच्याच सुमाराची फिआट १२४ स्पायडर या इटलीच्या.

ऑनलाइन शोधताना नुसतं 'कन्व्हर्टिबल' टाकून भागत नाही. खोक्यावर रोडस्टर, स्पायडर, कॅब्रिओले, ड्रॉपहेड यांपैकी काहीही छापलेलं असतं. सगळे शब्द टाकून पाहा.

स्केलचा हिशेब फळी मोजून करा

१:१८ म्हणजे खऱ्या गाडीचा अठरावा भाग. १९५९ ची कॅडिलॅक सुमारे ५.७ मीटर लांब होती. म्हणजे १:१८ मध्ये ती जवळजवळ ३२ सेंटिमीटर होते, १:४३ मध्ये १३ आणि १:६४ मध्ये ९. बीटल चार मीटरच्या थोडी वर, म्हणजे १:१८ मध्ये साडेबावीस सेंटिमीटरच्या आसपास. कपाटाच्या फळीची खोली आधी टेपने मोजा. आपल्याकडची पुस्तकांची कपाटं साधारण पंचवीस-तीस सेंटिमीटर खोल असतात, त्यात कॅडिलॅक सरळ उभी राहत नाही. तिरकी ठेवावी लागते, आणि एका कॅडिलॅकमागे दोन गाड्यांची जागा जाते.

१:४३ हे विचित्र वाटणारं माप ओ गेज नावाच्या ठरावीक मापाच्या खेळण्यातल्या आगगाडीवरून आलं. फुटाला सात मिलिमीटर या हिशेबाने त्या आगगाड्यांशेजारी शोभतील अशा गाड्या बनत गेल्या. युरोपातले जुने संग्रह बहुतांशी याच मापाचे.

हॉट व्हील्स आणि मॅचबॉक्सच्या साध्या पाकिटातल्या गाड्यांना आपण सरसकट १:६४ म्हणतो, पण त्या पाकिटात मावतील अशा बेताने बनवलेल्या असतात. त्यामुळे कॅडिलॅक आणि छोटी एमजी जवळजवळ सारख्याच लांबीच्या निघतात. मापाचा खरेपणा हवा असेल तर ही गोष्ट खटकेल. खटकत नसेल तर दोनशे रुपयांच्या आतबाहेर मिळणारी ही गाडी शिकण्यासाठी उत्तम.

माझा सल्ला असा: सुरुवातीचे काही महिने १:६४ घ्या आणि डोळा तयार करा. मग १:१८ कडे या, कारण कन्व्हर्टिबलचं अंतरंग त्या मापातच खुलतं. माइस्तो, बुरागो, मोटरमॅक्स, वेली यांच्या गाड्या साधारण तीन-चार हजारांपासून पुढे मिळतात. ऑटोआर्ट, मिनिचॅम्प्स, सीएमसी हे वरचे मजले. तिथे घाईने चढू नका. १:२४ हे माप दुकानांत सहज दिसतं आणि फळीवर बसतंही, पण त्यात अंतरंगावर मेहनत क्वचित घेतलेली असते.

नागपुरात कुठे शोधाल

नवीन माल सीताबर्डी, धरमपेठ, सदरच्या खेळण्यांच्या दुकानांत आणि मॉलमध्ये. लटकवलेल्या पाकिटांत चांगली गाडी बहुधा मागे दडलेली असते, तेव्हा आकडीवरची सगळी पाकिटं सरकवून पाहा आणि पाहून झाल्यावर नीट लावून ठेवा. इतवारी-गांधीबागेच्या घाऊक बाजारात खोकं उघडतं त्या दिवशी पोहोचलात तर निवडायला मिळतं. त्यासाठी दुकानदाराशी ओळख लागते, आणि ओळख दर वेळी एखादी तरी गाडी घेतल्याने होते. रविवारी सीताबर्डीच्या मेन रोडवर फुटपाथवर जे पसरलेलं असतं त्यात सहसा प्लास्टिकच हाती लागतं. नजर टाकायला हरकत नाही.

प्लास्टिकवरून आठवलं. सेंटी कंपनीच्या, मागे ओढून सोडायच्या गाड्या आपल्या सगळ्यांच्या लहानपणातल्या. त्यांचं प्रेम वेगळं, पण त्या डायकास्ट नव्हेत. हातात घेतल्यावर वजन आणि गारवा यांवरून फरक कळतो.

जुन्या मालासाठी बाजारापेक्षा घरं बरी. महाल, धंतोली, रामदासपेठेतली जुनी घरं पाडून तिथे फ्लॅट उठताहेत आणि माळे रिकामे होताहेत. नात्यागोत्यात सांगून ठेवा की जुन्या लोखंडी गाड्या भंगारात देण्याआधी मला दाखवा. तान्ह्या पोळ्याचा आजोबांच्या वेळचा लाकडी नंदी जपून ठेवणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. त्याच ट्रंकेत एखादी डिंकी, म्हणजे इंग्लंडची जुनी डायकास्ट गाडी, निघू शकते. अशा वेळी भारतात बनलेल्या गाड्यांकडे विशेष लक्ष द्या. डिंकीचे जुने साचे कलकत्त्यात आले आणि त्यांवर निकी टॉइज नावाने गाड्या निघाल्या. मॅक्सवेल आणि मिल्टन हेही कलकत्त्याचेच. पुढे लिओ या भारतीय कंपनीने मॅटेल या मूळ अमेरिकन कंपनीबरोबर इथे हॉट व्हील्स बनवल्या. रंग जाड, फिनिशिंग कच्चं, पण आपल्या देशाच्या खेळण्यांच्या इतिहासातली ती पानं आहेत, आणि परदेशी संग्राहक त्या शोधत असतात. घरच्यांना योग्य किंमत सांगा. भंगाराच्या भावात उचलू नका.

परदेशातून मागवणार असाल तर आधी पूर्ण खर्चाचा हिशेब करा. खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. साइटवरची किंमत पाहून हुरळून जाऊ नका; पाठवणी, ड्युटी आणि कुरियरचे वरचे पैसे धरून जो आकडा येतो तीच गाडीची किंमत.

विकत घेण्याआधी काय पाहायचं

१:१८ ची एल्डोराडो दुकानात समोर आहे असं समजा. दुकानदार म्हणेल, "भाऊ, डब्बा खोलला तं मंग कोन घेईन?" तुम्ही म्हणा, "घेणार मीच आहे भाऊ, फक्त एकदा उजेडात पाहू द्या." बहुतेक जण ऐकतात. नाहीच ऐकलं तर खोक्याच्या खिडकीतूनही बरंच दिसतं.

पहिली नजर समोरच्या काचेच्या चौकटीवर. उघड्या गाडीत या चौकटीला वरून टपाचा आधार नसतो, त्यामुळे तीच सगळ्यांत आधी वाकते किंवा मोडते. गाडी डोळ्यासमोर आडवी धरा आणि चौकटीची वरची कड डॅशबोर्डला समांतर आहे का पाहा. एक बाजू केसभर वर असेल तर आतली खुंटी सुटलेली असते. मग चौकटीच्या दोन्ही कोपऱ्यांत पाहा, तिथे क्रोमचा पापुद्रा सुटायला लागतो. काचेवर पांढुरकी धुरकट छटा असेल तर कारखान्यात किंवा नंतर कुणीतरी झटपट चिकटणारा गोंद वापरलाय. ती छटा सहसा पूर्ण जात नाही.

दुसरी नजर आत. स्टिअरिंग सरळ आहे का, ते कोणत्या बाजूला आहे? ब्रिटिश गाडीचं मॉडेल डाव्या स्टिअरिंगचं असेल तर ते अमेरिकेत निर्यात झालेल्या गाडीचं असू शकतं, ती चूक नव्हे. डॅशबोर्डवरची घड्याळं छापलेली की नुसते उठाव? सीटचा रंग त्या गाडीला खरोखर मिळत होता का? आरसे, वायपर, दाराच्या कड्या जागच्या जागी आहेत का?

तिसरी गोष्ट हूड. काही मॉडेलांबरोबर घडी केलेलं आणि वर चढवलेलं अशी दोन हुडं वेगवेगळी येतात. सुटं असतं ते हरवतं. वापरलेलं मॉडेल घेताना विक्रेत्याला हे आवर्जून विचारा, कारण नंतर फक्त हूड मिळवायला वर्षं जातात.

उरलं ते पटकन: दारं आणि बॉनेट बंद केल्यावर फटी सारख्या आहेत का, चारही चाकं टेकतात का, रंगाखाली धुळीचे कण अडकलेत का.

हॉट व्हील्सबद्दल एक खूणगाठ बांधून ठेवा. तळावर जे साल असतं ते त्या साच्याच्या कॉपीराइटचं, तुमच्या हातातली गाडी बनली त्याचं नव्हे. तळावर १९८३ आहे म्हणून चाळीस वर्षं जुनी, असं सांगून गाडी विकणारे भेटतात.

जुन्या गाड्या: डिंकी, मॅचबॉक्स, कॉर्गी

डिंकी लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीची, नाव १९३४ चं, कारखाना बंद पडला १९७९ मध्ये. तिच्या १९५० च्या दशकातल्या कन्व्हर्टिबल फार देखण्या: क्रमांक १३१ कॅडिलॅक, १३२ पॅकार्ड, ऑस्टिन-हीली, ट्रायम्फ टीआर२. लेस्नी या ब्रिटिश कंपनीची मॅचबॉक्स मालिका १९५३ ची. तिच्या ३९ क्रमांकावर १९५७ मध्ये फोर्ड झोडिअक कन्व्हर्टिबल आली आणि १९६२ मध्ये त्याच क्रमांकावर पॉन्टिअक. मेट्टॉय या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीने १९५६ मध्ये कॉर्गी काढली आणि गाड्यांना प्लास्टिकच्या काचा बसवून डिंकीला घाम फोडला.

या गाड्या घेताना गाडी उलटी करा. तळ आणि बॉडी जोडणाऱ्या रिव्हेटचं टोक अखंड, सारखं दाबलेलं हवं. ते कोरलेलं, घासलेलं असेल किंवा तिथे स्क्रू असेल तर गाडी उघडून पुन्हा रंगवलेली आहे. दाराच्या रेषा रंगाने बुजलेल्या असणं ही दुसरी खूण. पुन्हा रंगवलेली गाडी वाईट नसते, पण तिची किंमत मूळ रंगाच्या गाडीइतकी नसते. रंग उडालेली मूळ गाडी मला चकचकीत रंगवलेल्या गाडीपेक्षा केव्हाही जवळची. खोकी आणि टायर नव्याने बनवलेले मिळतात, आणि जुन्या डिंकीची हुबेहूब नवी आवृत्तीही निघालेली आहे. सत्तर वर्षांचं म्हणून समोर ठेवलेलं खोकं जर कडांना कोरं करकरीत असेल, तर तळावरची बारीक अक्षरं भिंगाने वाचा.

आणखी एक रोग ओळखायला हवा. या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. ओतताना त्यात शिसं मिसळलं गेलं असेल तर धातू वर्षानुवर्षं आतून कुजतो: आधी बारीक चिरा, मग फुगवटा, शेवटी हातात चुरा. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मालात हे फार दिसतं. दमट आणि उष्ण हवेत वेग वाढतो. याला औषध नाही. मात्र तो शेजारच्या गाडीला लागत नाही, त्यामुळे घाबरून बाकीच्या गाड्या हलवायची गरज नाही. चिरा दिसल्या तर घेऊच नका.

ऊन, कुलर आणि पाऊस

नागपूरचा कोरडा उन्हाळा खरं तर धातूला मानवतो. घात करतो तो कुलर. कुलर खोलीत ओली हवा सोडतो, आणि ती हवा थेट कपाटावर येत असेल तर खोकी मऊ पडतात, कागदाला बुरशी धरते, स्टीलचे आस गंजतात. कपाट कुलर नसलेल्या खोलीत ठेवा. ते शक्य नसेल तर निदान कुलरच्या समोर नको. काचेच्या दाराला रबराची पट्टी लावून घ्या आणि आत आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवा. आकडा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहिला तर निश्चिंत. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. त्या मुलांच्या हाती लागू देऊ नका.

डांबराच्या गोळ्या मात्र या कपाटात अजिबात नकोत. त्यांच्या वाफेने प्लास्टिक मऊ पडतं, आणि कन्व्हर्टिबलच्या आत सगळं प्लास्टिकच असतं.

उष्णतेचा खरा फटका टायरला. मऊ टायरमधलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि ज्यावर गाडी उभी आहे त्या पारदर्शक प्लास्टिकला खातं. काही वर्षांनी गाडी उचलायला जावं तर चाकं तळाला चिकटलेली. उपाय सोपा आहे: गाडीच्या पोटाखाली छोटा ठोकळा द्या म्हणजे चाकं अधांतरी राहतील, किंवा चाकांखाली ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा ठेवा. वर चढवलेलं रबरी हूड काढून शेजारी ठेवा, ते रंगावर डाग पाडतं.

पश्चिमेच्या खिडकीसमोर कपाट नको. लाल रंग उडतो, पांढऱ्या पट्ट्याचे टायर पिवळे पडतात. नवं प्लायवूडचं कपाट केलं असेल तर त्याचा वास जाईपर्यंत दारं उघडी ठेवा आणि नंतरच गाड्या मांडा.

मोठी, महागडी मॉडेलं दिवाळीनंतर, थंडीच्या दिवसांत मागवा. मे महिन्यात कुरियरच्या गाडीत आणि गोदामात जी भट्टी पेटलेली असते तिच्यात गोंद सुटतो, आणि समोरची काच खोक्यात मोकळी पडलेली सापडते. स्वतःच्या कारमध्येही खरेदी ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नका.

सफाई आणि छोटी दुरुस्ती

मेकअपचा मऊ ब्रश आणि कॅमेऱ्याचा हवेचा फुगा एवढ्यावर नव्वद टक्के काम होतं. आधी फुगा, मग ब्रश, आतून बाहेर. चिकट डागाला डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून कानकोरण्याचा कापूस. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरलं तर क्षारांचे पांढरे ठिपके उरतात. काच पुसायचा स्प्रे, थिनर, पॉलिश वर्ज्य. बंपरवरचं क्रोम इतकं पातळ असतं की चार वेळा घासलं तर खालचं प्लास्टिक दिसतं.

सुटलेली काच बसवायला झटपट चिकटणारा गोंद घेऊ नका, त्याच्या वाफेने काच पांढरी पडते. साधा पांढरा फेविकॉल टाचणीच्या टोकावर घ्या, चौकटीच्या दोन्ही खुंट्यांना अगदी ठिपका लावा, काच बसवा आणि कागदी चिकटपट्टीने रात्रभर धरून ठेवा. चुकलं तर ओल्या कापसाने निघतं, पुन्हा करता येतं.

मांडणी आणि वही

कन्व्हर्टिबल डोळ्यांच्या उंचीवर मांडल्या तर त्यांचं निम्मं सौंदर्य वाया जातं. त्या वरून पाहायच्या असतात. छातीच्या उंचीची किंवा त्याखालची फळी त्यांना द्या, बंद गाड्या वर जाऊ द्या. वरच्याच फळीवर ठेवायची वेळ आली तर मागच्या चाकांखाली दोन सेंटिमीटरचा उतार द्या आणि पाठीमागे आरसा लावा. दिवा एलईडीचा, आणि तो समोरून. वरून सोडला तर काचेच्या चौकटीची सावली नेमकी डॅशबोर्डवर पडते.

प्रत्येक गाडीची नोंद घेतल्या दिवशीच करा: कंपनी, गाडीचं नाव आणि साल, स्केल, रंग, आतला रंग, कुठून घेतली, किती दिले, काय उणं आहे. फोटो चार काढा: समोरून, वरून, तळाचा आणि खोक्याचा. तळाच्या फोटोचा उपयोग सगळ्यांत जास्त होतो, कारण अदलाबदल करताना समोरचा आधी तोच मागतो. सुटी हुडं, आरसे, नंबरप्लेट झिपच्या पाकिटात घाला, पाकिटावर वहीतला क्रमांक लिहा आणि ते त्या गाडीच्याच खोक्यात ठेवा.